ओव्याच्या धुरीपासून मातीच्या बरणीपर्यंत

मंडळाच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी "काहीतरी जुन्या काळचे लिहा" असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा त्यांच्या मनात मंगळागौरीचे खेळ किंवा जुने दागिने असा काही विषय असावा. मी माझा विषय सांगितला, तशी बैठकीत क्षणभर शांतता पसरली. एकीने भुवया चढवल्या, एकीने हळूच दाराकडे पाहिले. शेवटी आमच्या अध्यक्षाबाईच म्हणाल्या, "लिहा हो. ज्याच्यावाचून एकीचेही चुकले नाही, त्याची लाज कसली?" त्यांच्या जोरावर हा लेख लिहीत आहे.

विषय आहे तो बायकांच्या त्या खाजेचा, जळजळीचा, आणि अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखे पांढरे जाण्याचा. हल्लीच्या मुली त्याला 'यीस्ट इन्फेक्शन' म्हणतात. आमच्या घरात त्याला 'उष्णता' म्हणत, कोणी 'धुपणी' म्हणत, वैद्य 'श्वेतप्रदर' म्हणत. आणि बहुतेक बायका काहीच म्हणत नसत. नाव नसलेल्या दुखण्याला औषधही धड मिळत नाही, हे मी माझ्या आत्याकडे पाहून शिकले.

आत्या आमच्याकडेच राही. पन्नाशी उलटल्यावर तिला हा त्रास सुरू झाला. ती कोणाला बोलली नाही. फक्त दुपारी सगळी निजानीज झाली की मागच्या खोलीत शेगडी नेई, निखाऱ्यांवर मूठभर ओवा आणि वावडिंग टाकी आणि लुगडे सावरून धुरी घेत बसे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, तोच प्रकार. आम्हा मुलांना दारातून ओव्याचा वास येई आणि आत कोणी जायचे नाही एवढे कळे. एकदा ठिणगी उडून तिच्या मांडीला मोठा फोड आला, तोही तिने आठवडाभर झाकून ठेवला. हे असे सहा वर्षे चालले.

ओव्याला मी नावे ठेवणार नाही. ओव्याच्या तेलात थायमॉल नावाचा जंतुनाशक पदार्थ असतो. आपल्याकडे त्याला ओव्याचे फूल म्हणतात. पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्या देशातला ओवा जहाजे भरभरून जर्मनीला जाई, तिथे त्यातून थायमॉल काढीत आणि ते महाग औषध म्हणून जगभर विकीत. १९१४ साली युद्ध सुरू झाले, हा रस्ता बंद पडला, आणि मग आपल्याच देशात थायमॉल काढण्याची खटपट सुरू झाली. तेव्हा आत्याच्या शेगडीवर जळत होते ते अगदीच निरुपयोगी नव्हते. परंतु काचेच्या नळीत बुरशी मारणारा पदार्थ धुराच्या रूपाने नाजूक जागी नेला की तोच गुण तिथे लागू पडतो, असे मानायला आधार नाही. धूर त्वचा कोरडी पाडतो, भाजण्याची भीती वेगळीच, आणि बुरशी आपली आत जिथल्या तिथे.

इथे एक घोळ आधीच निस्तरायला हवा. आयुर्वेदात या दुखण्यांचा विचार फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तिसावा अध्याय योनिव्यापदांचा आहे, आणि तिथे वीस प्रकार सांगितले आहेत. कफाने होणाऱ्या प्रकारात खाज आणि बुळबुळीत स्राव ही लक्षणे दिली आहेत. वाचताना आपलीच तक्रार कोणी लिहून ठेवली आहे असे वाटते. उपायांत तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, म्हणजे पिचू, ठेवायला सांगितला आहे. ही तेले औषधी काढ्यात उकळून सिद्ध केलेली असतात. आज बाजारात बोटाएवढ्या बाटलीत 'इसेन्शियल ऑइल' म्हणून मिळते ते अगदी निराळे. ते पाल्यातून वाफेने काढलेले अर्कतेल असते. शंभर किलो ओल्या पाल्यातून जेमतेम किलो-दोन किलो तेल निघते. तेव्हा एका थेंबात केवढा पाला आटला आहे, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. 'आपल्या पूर्वजांनीही तेलच सांगितले होते' असे म्हणून ते थेंब वापरणाऱ्या बाईला हा फरक कोणी सांगत नाही.

आता दुखणे कोणाचे, ते पाहू. तोंडात येणारे पांढरे चट्टे हिपोक्रेटिसच्या काळापासून वैद्यांना ठाऊक होते. परंतु ती बुरशी आहे हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि स्त्रियांच्या योनिमार्गात तीच बुरशी असते हे लंडनमध्ये विल्किन्सन यांनी १८४९ साली लिहिले. पुढे तिला इतकी नावे मिळाली की एका नावाने लिहिलेले दुसऱ्याला कळेना. हा पसारा ज्यांनी आवरला त्या क्रिस्टीन बेर्खाउट या डच विदुषी. १९२३ साली उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी या बुरशीला 'कँडिडा' या नव्या कुळात बसवले. लॅटिनमध्ये कँडिडा म्हणजे पांढरीशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे पांढरा झगा घालीत, त्यावरूनच इंग्रजीतला उमेदवारासाठीचा शब्द आला. आजार बायकांचा, नाव ठेवणारी बाई. इथून पुढेही या कथेत बायकाच भेटत राहतील.

मी स्वतः तीस वर्षे एका प्रयोगशाळेत नोकरी केली. काचपट्टीवर स्राव घ्यायचा, पोटॅशचा थेंब टाकायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. कँडिडा असेल तर अंडाकृती पेशी दिसतात, त्यांना बटाट्याच्या डोळ्यासारखे कोंब फुटलेले असतात, आणि मधून मधून बांबूच्या कांड्यांसारखे धागे. पाच मिनिटांचे काम. ही बुरशी निरोगी बाईच्या शरीरातही थोडीफार असते. तिथे राहणारे दुधाच्या विरजणाच्या जातीतले जंतू आंबटपणा टिकवून तिला आवर घालतात. प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी हे जंतू मेले, गरोदरपण आले, किंवा रक्तात साखर वाढली की बुरशी माजते. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा प्रसंग येतो असा डॉक्टरांचा अंदाज आहे. स्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा त्यात काही दोष नसतो, हे मुद्दाम लिहिते. कारण आत्याला नेमका तोच घोर लागला होता.

विलायतेतल्या नि अमेरिकेतल्या बायका आपल्यापेक्षा सुखी होत्या असे कोणाला वाटत असेल, तर तसे मुळीच नव्हते. अमेरिकेत १९२० ते १९५० च्या दरम्यान लायसॉल, म्हणजे फरशी पुसायचे औषध, पाण्यात घालून आतून धुण्यासाठी सर्रास विकले जाई. जाहिरातीत नवरा तोंड फिरवून बसलेला आणि बायको रडवेली, नि खाली मखलाशी अशी की चूक बायकोचीच. तेव्हाच्या लायसॉलमध्ये क्रेसॉल हे जहाल द्रव्य असे. अशा वापराने झालेल्या विषबाधेच्या आणि मृत्यूंच्या नोंदी डॉक्टरांनी १९११ पर्यंतच केल्या होत्या. जाहिराती तरी पुढे चाळीस वर्षे चालल्या! शहाणे डॉक्टर त्याऐवजी जेन्शन व्हायोलेट हा जांभळा रंग लावीत. त्याने गुण येई, पण सगळे कपडे जांभळे होत. घरात एकत्र धुणे असेल तर त्याची काय शोभा होत असेल, कल्पना करा.

अर्कतेलांची लाट आली ती याच सुमारास. फ्रान्समध्ये गॅटफोसे नावाचे अत्तरांच्या धंद्यातले रसायनतज्ज्ञ होते. १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात ते भाजले, जखम चिघळली, आणि लव्हेंडरच्या अर्काने ती बरी झाली असे त्यांनी लिहून ठेवले. १९३७ साली त्यांनी 'आरोमाथेरापी' या नावाचे पुस्तक काढले; सुगंधचिकित्सा हा शब्द रूढ झाला तो त्यांच्यामुळे. त्यांचा भाजलेला हात चुकून लव्हेंडरच्या हंड्यात गेला आणि तत्काळ बरा झाला ही जी गोष्ट सांगतात, ती लोकांनी मागाहून फुगवलेली आहे.

आपल्या विषयाशी जास्त संबंध आहे तो टी ट्री नावाच्या ऑस्ट्रेलियन झाडाचा. याचा चहाशी काही संबंध नाही. न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य भागातल्या दलदलीत ही झाडे होतात, आणि तिथले मूळचे बुंजलुंग लोक त्याचा पाला चेचून जखमांवर लावीत. सिडनीच्या तंत्रसंग्रहालयातले रसायनज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी १९२० नंतरच्या दशकात त्याच्या तेलाची परीक्षा केली, आणि हे तेल कार्बोलिकपेक्षा ११ ते १३ पट जंतुनाशक आहे असे जाहीर केले. मग दात, नखे, जखमा, सगळ्यांवर ते वापरात आले. पुढे पेनिसिलिन आले आणि तेल मागे पडले. १९७० नंतर 'नैसर्गिक'ची आवड वाढली तसे पुन्हा वर आले, आणि त्याच्या रीतसर लागवडी झाल्या.

स्त्रियांच्या दुखण्यात ते वापरल्याचा महत्त्वाचा वृत्तांत १९६२ सालचा आहे. पेन्या नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या स्त्रीरोगशास्त्राच्या मासिकात तो दिला. त्यांचे बहुतेक रुग्ण ट्रायकोमोनास या दुसऱ्याच जंतूने आजारी होते, हे तेलाच्या बाटलीवर कोणी छापीत नाही. १९८५ साली फ्रान्समध्ये बेलेश यांनी कँडिडाच्या २८ स्त्रियांना या तेलाच्या कुप्या दिल्या. बहुतेकींना उतार पडला असे त्यांनी नोंदवले. पण शेजारी तेल न दिलेल्या, किंवा नेहमीचे औषध दिलेल्या स्त्रियांचा गट त्यांनी ठेवला नव्हता. महिनाभरात आपोआप किती जणी बऱ्या झाल्या असत्या? याचे उत्तर मिळाल्याखेरीज श्रेय तेलाला कसे द्यावे? काचेच्या बशीत टी ट्री, ओवा, लवंग, दालचिनी, सगळ्यांची तेले कँडिडाला मारतात. मी स्वतः पाहिले आहे. बशीतला जय आणि बाईच्या शरीरातला जय या दोन वस्तू आहेत. मोठ्या, नीट तुलना केलेल्या चाचण्या या तेलांच्या बाजूने आजही उभ्या नाहीत.

याच्या उलट, ज्या औषधाने आत्या बरी झाली त्याची कथा मला फार आवडते, म्हणून थोडी विस्ताराने सांगते.

एलिझाबेथ ली हेझन यांचा जन्म १८८५ सालचा, अमेरिकेच्या मिसिसिपी संस्थानातला. आईबाप अगदी लहानपणी गेले, काका-काकूंनी वाढवले. शाळेत विज्ञान शिकवीत शिकवीत त्यांनी पुढचे शिक्षण केले आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, १९२७ साली, कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या रेचेल फुलर ब्राउन, जन्म १८९८. वडील घर सोडून गेले, आईने नोकरी करून संसार ओढला, आणि रेचेलच्या कॉलेजचा खर्च आजीच्या एका सधन मैत्रिणीने उचलला. शिकागोत डॉक्टरेटचा प्रबंध दिला, पण परीक्षेची तारीख लागेपर्यंत जवळचे पैसे संपले, म्हणून नोकरी धरली. पदवी हाती आली ती सात वर्षांनी, १९३३ साली.

दोघीही न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरीला होत्या. हेझनबाई न्यूयॉर्क शहरात, ब्राउनबाई ऑल्बनीला. मध्ये सुमारे अडीचशे किलोमीटर. १९४८ साली त्यांनी जोडीने काम सुरू केले. प्रतिजैविकांचा तो सुवर्णकाळ. पेनिसिलिनने जंतू मरत, पण त्यामागोमाग बुरशी माजे, आणि बुरशीवर माणसाला सोसेल असे औषधच नव्हते. हेझनबाई ठिकठिकाणची माती मागवीत, तीतले सूक्ष्मजीव वाढवीत, आणि बुरशी मारणारा एखादा सापडला की काचेच्या बरणीत भरून टपालाने ऑल्बनीला पाठवीत. आपण लोणचे भरतो तशी बरणी! ब्राउनबाई त्यातून गुणकारी द्रव्य वेगळे काढीत आणि टपालानेच परत पाठवीत. मग हेझनबाई ते पुन्हा बुरशीवर, आणि त्यातून उतरले तर उंदरांवर तपासून पाहत. बहुतेक वेळा असे होई की बुरशी मारणारे द्रव्य उंदरालाही मारी. शेकडो माती अशा फुकट गेल्या.

यश ज्या मातीने दिले ती हेझनबाईंनी स्वतःच आणली होती. व्हर्जिनियात नूर्स नावाच्या स्नेह्यांच्या शेतावर त्या सुट्टीला गेल्या असताना त्यांनी तिथली चिमूटभर माती उचलली. तीत सापडलेल्या सूक्ष्मजीवाला त्या स्नेह्यांचेच नाव दिले, स्ट्रेप्टोमायसीस नूर्सेई. १९५० साली शोध जाहीर झाला. औषधाचे नाव न्यूयॉर्क स्टेट यावरून 'निस्टॅटिन' ठेवले, आणि १९५४ साली ते बाजारात आले. गोळ्या, मलम, योनिमार्गात ठेवायच्या वड्या, असे सगळे प्रकार झाले.

या औषधाची खुबी अशी. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. निस्टॅटिन अर्गोस्टेरॉलला अधिक घट्ट धरते, आवरणाला भोके पाडते, आणि बुरशी गळून मरते. अर्कतेलेही आवरणावरच घाला घालतात, पण त्यांना आपले-परके इतके कळत नाही.

दोघींनी पेटंटाच्या उत्पन्नातली एक पैही स्वतःसाठी घेतली नाही. १ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक रक्कम पुढे विज्ञानाच्या कामाला आणि विद्यार्थ्यांना दिली गेली. १९६६ च्या पुरात इटलीतल्या फ्लॉरेन्समधली चित्रे भिजून त्यांवर बुरशी चढली, तेव्हा तिथेही हेच औषध कामी आले. हेझनबाई १९७५ साली वारल्या, ब्राउनबाई १९८० साली. त्यांचे आयुष्य प्रयोगशाळेतल्या नोकरदार बायकांचे होते. म्हणूनही असेल, मला त्या आपल्या वाटतात.

आत्याचे पुढे काय झाले? १९६८ साली तिचा मोतिबिंदू काढायचा ठरला. त्याआधी लघवी तपासली, तर साखर निघाली! डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत घेऊन विचारले, "आजी, खाली खाज येते का?" सहा वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. ती रडलीच. मधुमेहाचे पथ्य आणि औषध सुरू झाले, आणि बरोबर फिकट पिवळ्या वड्या, रोज रात्री एक, चौदा रात्री. त्या वड्या निस्टॅटिनच्या होत्या, हे मला प्रयोगशाळेत लागल्यावर उमगले. सहा वर्षांचे दुखणे तीन आठवड्यांत गेले. धुरी घेण्यात सहा वर्षे गेली नसती तर मधुमेह आधी कळला असता, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही. कारण पुढे तिच्या डोळ्यांनी आणि पायांनी त्याची किंमत मोजली.

हे सगळे जुने झाले म्हणावे, तर गेल्या वर्षीचीच गोष्ट. आपल्या एका सभासद भगिनीच्या सुनेने (तिच्या परवानगीने लिहिते) फोनवर वाचून टी ट्रीचे तेल मागवले आणि न मिसळता, तसेच्या तसे कापसावर घेऊन लावले. रात्रभर आग, सकाळी सूज. 'नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?' असे ती म्हणाली. शिळे झालेले, हवा लागलेले हे तेल कातडीला आणखीच झोंबते, आणि पोटात गेले तर विषारी असते. डॉक्टरांकडे नेल्यावर तपासणीत निघाले काय? बुरशी नव्हतीच, दुसऱ्याच जंतूंचा विकार होता, आणि त्याला साध्या गोळ्या पुरल्या. असा घोटाळा नेहमीचा आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बुरशीचे औषध दुकानातून स्वतःच घेणाऱ्या ९५ स्त्रियांना तपासले, तर खरोखर बुरशी फक्त एक तृतीयांश जणींना होती.

आपल्याकडे तर तपासणीच होत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांना तपासले. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्याआधी साठ वर्षे, १९२७ पासून, र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून शरीराबद्दल उघड बोला म्हणून कंठशोष करीत होते, आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. मराठीत हे शब्द नाहीत असे म्हणायची सोय त्यांनी तेव्हाच ठेवली नव्हती.

आता औषधेही पुढे गेली आहेत. १९७० नंतर क्लोट्रिमॅझोल आले, १९९० नंतर फ्लुकोनॅझोलची एकच गोळी. गरोदर बाईने मात्र ती गोळी परस्पर घेऊ नये. तिच्यासाठी वरून ठेवायची औषधे असतात. दुखणे वर्षात तीन-चार वेळा उलटले, तर साखर तपासावी. मंडळाच्या आरोग्य समितीकडे डॉक्टरीणबाई दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी येतात. मागची खोली, दार लावून, एका वेळी एकीलाच. नाव लिहावे लागत नाही.

आत्याच्या त्या वड्यांची रिकामी बाटली तिने टाकली नाही. धुऊन, उन्हात वाळवून तिच्यात ओवा भरून ठेवला, आणि पुढे तो आम्हाला पोट दुखले की मिठाबरोबर मिळत असे.